गरुडाला मोजता येत नाही

माणसं पोटासाठी काय काय करतात! कुणी भिंती रंगवतं, कुणी लोकांचे दात उपटतं, कुणी दुसऱ्यांची भांडणं कोर्टात जाऊन भांडतं. येतोमामाची नोकरी मात्र अशी, की सांगितली तर समोरच्याला वाटायचं हा आपली फिरकी घेतोय. रानात एका माणसाला एका जागी पोचवायचं आणि तिथून निघून यायचं, एवढंच काम. त्यातलं पोचवणं कुणालाही जमलं असतं. मामाला पगार मिळायचा तो निघून येण्याचा.

हसू नका, पुढची सगळी गोष्ट ह्याच्यावरच उभी आहे. गाव संपतं आणि टेकड्या सुरू होतात तिथं शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं. नाव मोठं, पण आत खोल्या तीनच. पहिलीत टेबलं आणि भिंतभर नकाशा. दुसरीत खणांची कपाटं. त्यांत पिसं, अंड्यांची टरफलं, आणि शिकारीचे न पचलेले केस नि हाडं हे पक्षी गोळी करून ओकून टाकतात, त्या वाळक्या गोळ्या. तिसरीत एक फ्रीज आणि फ्रीजमध्ये मेलेले उंदीर. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ह्यात जेवणाचा डबा ठेवू नये.' तरी मामानं एकदा ठेवला होता, कारण बाहेर ठेवला तर कुणीतरी उघडून बघेल असा त्याला संशय होता.

तर घरट्यातला गरुड जवळून बघायचा म्हणजे झाडासमोर लपण बांधावं लागतं. लपण म्हणजे फांद्या आणि जाड कापडाची खोपटी, आत एक माणूस जेमतेम पाय दुमडून बसेल एवढी. माणूस आत शिरताना गरुडाला दिसतोच. त्याची नजर अशी, की ह्या टेकडीवरून त्या टेकडीवरचा सरडा टिपेल. आणि माणूस आत आहे हे ठाऊक असताना गरुडाची मादी काही घरट्यावर यायची नाही. पण देवानं एका हातानं नजर दिली आणि दुसऱ्या हातानं हिशेब काढून घेतला. गरुडाला मोजता येत नाही. दोघं आले, एक निघून गेला, की तिला वाटतं सगळे गेले. मग ती निर्धास्त उतरते आणि लपणात बसलेल्याला हवं ते बघायला मिळतं.

तो निघून जाणारा एक म्हणजे आपला मामा.

केंद्राच्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मामा, तुम्ही जाताना तिला दिसलं पाहिजे. लपतछपत नाही जायचं. उघड्या उतारावरून, रमतगमत, थेट रस्त्यापर्यंत." मामानं ते मनावर घेतलं. लांबून दिसावा म्हणून लालभडक शर्ट शिवून घेतला. हात हलवत, कधी शीळ घालत तो असा उतरायचा, की एखादा वरातीतून परत चाललाय. आणि निघताना लपणाच्या कापडाशी वाकून "येतो हं" म्हणायचा. सरांनी सांगून पाहिलं, की मामा, बोलायची गरज नाही, उलट घरट्याजवळ कुणी आवाज करायचाच नाही हा आपला नियम आहे. मामा म्हणाला, "मग हळू म्हणतो. पण न सांगता कसं निघायचं? आणि 'जातो' तर म्हणणार नाही." तेव्हापासून तो येतोमामा झाला.

आता त्याचा स्वभाव सांगायला हवा. संशय! नखशिखांत संशय. दूधवाला माप घालायचा तेव्हा मामा भांड्यावर असा वाकायचा, की एकदा दूधवाला वैतागून म्हणाला, "मामा, उद्यापासून म्हैसच आणून बांधतो दारात." न्हाव्याकडे दाढी करताना तो डोळे मिटत नसे. एका डॉक्टरनं गोळ्या दिल्या की दुसऱ्याला विचारायचा ह्या बरोबर आहेत का, आणि तिसऱ्याला विचारायचा की ते दोघं एकमेकांना सामील तर नाहीत ना. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ह्याचं तोंड दुधानं कधी पोळलंच नव्हतं. हा जन्मापासून ताकच फुंकत होता.

मामी म्हणायची, "ह्यांना उद्या साक्षात देव भेटला ना, तर आधी ओळखपत्र मागतील."

"मागायलाच पाहिजे," मामा म्हणायचा. "वेषात काय, कुणीही येतं."

ताईचं, म्हणजे मामाच्या थोरल्या बहिणीचं, लग्न ठरलं तेव्हा ह्यानं होणाऱ्या नवऱ्याचा आठवडाभर पाठलाग केला होता. कुठं जातो, कुणाशी बोलतो, बूट कुठल्या दुकानातून घेतो. नवऱ्या मुलाला ते दुसऱ्याच दिवशी कळलं. चिडला नाही बिचारा. एका वळणावर थांबला, मागं वळला आणि म्हणाला, "मेहुणेबुवा, दमला असाल. चहा घेऊ या का?" हेच दाजी. आडव्या अंगाचे, संथ, हसतमुख. केंद्रात झाडावर चढायचं काम त्यांचं. दोर लावून घरट्यापर्यंत जायचं, पिल्लाच्या पायात नंबराचं कडं अडकवायचं, वजन करायचं आणि खाली यायचं. मामाची आधीची नोकरी सुटल्यावर सरांकडे शब्द टाकून त्याला इथं चिकटवलं तेही दाजींनीच. दाजी त्याला अरे-तुरे करायचे, तो त्यांना अहो-जाहो. मायेचं नातं होतं, उगीच खोटं कशाला बोला. मामा दाजींवर जेवढा विश्वास ठेवायचा तेवढा तर तो स्वतःच्या घड्याळावरही ठेवत नसे.

म्हणून तर पुढचं इतकं लागलं.

ह्या टेकड्यांवर आता गरुडांची एकच जोडी उरली होती. वर्षाला एक पिल्लू, फार तर. आणि गेली दोन वर्षं पिल्लू पायात कडं घालण्याएवढं झालं, की काही दिवसांत घरटं रिकामं! उडण्याआधीच गायब. खाली पडलेलं नाही, पीस नाही, रक्त नाही. ह्या वर्षी पुन्हा एक पिल्लू निघालं होतं, कापसाच्या बोळ्यासारखं पांढरं. सरांनी सगळ्यांना नकाशासमोर बसवलं. सगळे म्हणजे किती, तर स्वतः सर, संशोधन करणाऱ्या मॅडम, दाजी आणि मामा.

"हे पिल्लू आपल्याला उडालेलं बघायचंय," सर म्हणाले. "हेही गेलं तर ही जोडी जागा सोडेल. मग ह्या टेकड्यांवर गरुड नाही. झाड कुठलं, हे आपल्या चौघांशिवाय कुणाला ठाऊक नाही, तेव्हा सांभाळून."

सरांना म्हणायचं होतं की बाहेर बोलू नका. मामाच्या कानात मात्र 'चौघांशिवाय कुणाला ठाऊक नाही' एवढंच शिरलं आणि आत जाऊन वळवळायला लागलं. चौघांशिवाय कुणी नाही, म्हणजे चौघांपैकीच कुणीतरी!

मॅडमनी पिशवीतून एक चिमुकलं कडं काढून टेबलावर ठेवलं. "पलीकडच्या डोंगरकड्यात मोठं शिंगवालं घुबड राहतं. त्याच्या बैठकीखालच्या गोळ्या मी फोडत होते. एका गोळीत हे सापडलं. पहिल्या वर्षीच्या पिल्लाचा नंबर आहे. घुबड रात्री येऊन पिल्लू उचलत असणार."

सर म्हणाले, "मग कोडं सुटलं म्हणायचं."

"आणि दुसऱ्या वर्षीचं कडं?" मामानं विचारलं.

"ते अजून मिळालं नाही," मॅडम म्हणाल्या. "शोधतेय."

मामानं मान हलवली. तो बाहेर पडला तेव्हा त्याच्या मनात पक्कं झालं होतं. एक कडं सापडतं आणि दुसरं सापडत नाही? कडं काय, कुणीही नेऊन टाकेल घुबडाखाली! चोरानं बिचाऱ्या घुबडाच्या नावावर बिल फाडलंय, आणि ही शिकलीसवरलेली माणसं मान डोलावतायत.

मग त्यानं एकेकाला चाळणीतून काढलं. सरांनी आयुष्य घातलं ह्यात, ते नाहीत. मॅडम गेल्या वर्षी आल्या, पहिलं पिल्लू त्याआधी गेलं, त्याही नाहीत. स्वतःवर त्यानं थोडा वेळ संशय घेऊन पाहिला, पण पुरावा मिळाला नाही. राहिले दाजी.

छे छे, असं काय मनात आणायचं, म्हणून त्यानं स्वतःलाच झापलं. पण मन चिंती ते वैरी न चिंती. एकदा मनात आलं आणि जे दिसेल ते त्याच वाटेनं दिसायला लागलं.

दाजी बदलले होते, हे खरंच होतं. पूर्वी मामा रस्त्यावर उतरला की दोघं जीपमधून गप्पा मारत परत यायचे आणि दुपारी मॅडमना आणायला पुन्हा जायचे. हल्ली दाजी अधूनमधून म्हणायचे, "जीप तू ने. मी मागून येतो पायी." का? पायी कशाला? विचारलं तर, "जरा मोकळं व्हायला बरं वाटतं." रविवारी मामानं त्यांना स्कूटरवरून गावाच्या दुसऱ्या टोकाला जाताना पाहिलं. सोमवारी सहज विचारावं तसं विचारलं, "काल कुठं, दाजी?" तर म्हणाले, "कुठं नाही. घरीच होतो."

घरीच!

त्याच संध्याकाळी तो ताईकडे जाऊन थडकला. दारापर्यंत नवराबायकोची कुजबुज ऐकू येत होती. तो आत शिरला आणि कुजबुज बंद. ताईनं हातातलं काहीतरी टॉवेलखाली सारलं. खोलीत उग्र वास भरला होता, नाकात झोंबणारा.

"काय लपवलंस, ताई?"

"तुझं डोकं लपवलं. बस. चहा टाकते."

"वास कसला येतोय?"

"तुला नाक आहे म्हणून येतोय," ताई म्हणाली. दाजी हसले, पण नेहमीसारखे नाही. शर्टची बटणं लावत आतल्या खोलीत गेले.

मामा चहा न घेता निघाला. वास त्याच्या नाकातून जाईना. पक्षी धरायला फांदीला चीक लावतात, त्याला म्हणे असाच वास येतो. हे त्याला कुणी सांगितलं होतं, कुणास ठाऊक. बहुधा त्यानं त्याच रस्त्यावर, त्याच क्षणी, स्वतःलाच सांगितलं.

घरी येऊन त्यानं मामीला सगळं ओकून टाकलं. मामी भाजी निवडत होती, तिचा हात थांबला.

"दाजींवर? अहो, जिभेला काही हाड? त्यांनी तुम्हाला नोकरीला लावलं!"

"तेच तर! मलाच का लावलं? निघून जाणारा माणूस हवा होता त्यांना. मी निघून गेलो की मागं मैदान मोकळं."

"आधी त्यांना तोंडावर विचारा."

"चोर कधी सांगतो का?"

"आणि चोर नसले तर?" मामी म्हणाली. "तर काय तोंडानं ताईच्या दारात जाणार आहात?"

मामानं ऐकलं नाही. त्याला रंगेहाथ पकडायचं होतं. त्याला वाईटही वाटत होतं बरं का. रात्री जेवण गेलं नाही. ताईचं तोंड डोळ्यापुढे येत होतं. पण त्याहून जास्त डोळ्यापुढे येत होतं ते पिल्लू. निघून येण्याआधी लपणाच्या फटीतून तो रोज त्याला क्षणभर बघायचा. पांढरं, बावळट, मान धड उचलता न येणारं, आणि डोळे मात्र आत्तापासून राजासारखे. त्याला जर कुणी पोत्यात घालून नेणार असेल, तर मग तो दाजी असो नाहीतर आणखी कुणी.

दोन दिवसांनी मॅडमना लपणात बसायचं होतं. निघताना सर म्हणाले, "ऊन चढायच्या आत सोडून या. पिल्लाच्या अंगावर अजून नुसती लव आहे, ऊन सोसत नाही त्याला. आई पंखांची सावली धरून उभी असते म्हणून जगतंय. आपल्यामुळे ती फार वेळ लांब राहता कामा नये." हे सगळ्यांनी ऐकलं. मामानंही ऐकलं.

जीपमध्ये तो दाजींना म्हणाला, "आज उतार उतरलो की मी परस्पर पलीकडच्या वाटेनं घरी जाईन. घरी हिला बरं नाही. तुम्ही थांबू नका." दाजी म्हणाले, "बरं. काही लागलं तर सांग." मामानं त्यांच्या चेहऱ्याकडे बारकाईनं पाहिलं. सुटल्यासारखे दिसले का? त्याला वाटलं, दिसले.

वर चढून त्यानं मॅडमना लपणात बसवलं. कापड सारखं केलं. घरट्यातून पिल्लाचा चिवचिवाट येत होता. मादी उठून समोरच्या टेकडीवर जाऊन बसली होती, आता मामा निघाला की येईल. मामा वाकून म्हणाला, "येतो हं."

"या," आतून मॅडम हळूच म्हणाल्या.

तो उताराकडे चालू लागला. पहिल्या झुडपाआड गेला आणि तिथं थांबला. लाल शर्ट काढला, गुंडाळून एका दगडामागं ठेवला. आत मातकट रंगाचा बनियन मुद्दाम घातला होता. मग बाजूच्या कोरड्या ओढ्यात उतरून, रांगत, लपणाला वळसा घालून तो गरुडाच्या झाडाच्या अलीकडे एका करवंदाच्या जाळीत शिरून बसला. जागा त्यानं आदल्या दिवशीच हेरली होती. लपणातून दिसत नाही, रस्त्यावरून दिसत नाही, झाडाखाली येणाऱ्याला तर मुळीच दिसत नाही. माणसांच्या सगळ्या नजरांचा हिशेब त्यानं चोख केला होता. ज्या एका नजरेला रोज जाताना दिसायचे त्याला पैसे मिळत, तिची त्याला त्या दिवशी आठवणसुद्धा झाली नाही. आता ह्याला काय म्हणावं!

मादी उठली. झाडाच्या दिशेनं आली, घरट्यावर न उतरता वरून निघून गेली. वळली. पुन्हा आली, पुन्हा वर गेली. मग तिनं गोल गोल घिरट्या घालत ओरडायला सुरुवात केली.

जाळीत बसलेल्या मामाच्या अंगावर काटा आला. हिलाही कळलं! चोर जवळ आलाय, म्हणून ही ओरडतेय. बिचारी आई! थांब बाई, मी आहे इथं, तुझं बाळ नाही जाऊ देत. त्याचे डोळे भरून आले, खरंच. तो आणखी अंग चोरून बसला.

ऊन चढलं. दगड तापले. जाळीत वाऱ्याची झुळूक नव्हती, मामाच्या मानेवरून घाम ओघळत होता. पिल्लू ओरडत होतं, आधी जोरात, मग मधेमधे थांबून. आई वर घिरट्या घालतच होती. दाजी येईनात. मामाला वाटलं, सावध आहेत, अंदाज घेतायत. आपणही हलायचं नाही. पिल्लाचा आवाज बारीक झाला. मग नुसती चोच उघडल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, आणि मग तेही नाही.

डोळा लागला असेल बाळाचा, असं मामाच्या मनात आलं.

लपणात मॅडम घड्याळ बघत बसल्या होत्या. मामा तर गेला, मग ही उतरत का नाही? बाहेर पडावं तर ती आणखी बिथरायची, न पडावं तर ऊन वाढतंय. आत्ता येईल, आत्ता येईल म्हणत त्या थांबल्या. निघून जाणारा निघून गेलेला आहे, ह्यावर त्यांचा पूर्ण भरवसा होता.

आणि मग खरंच कुणीतरी आलं.

ओढ्याच्या बाजूनं पावलांचा आवाज न करता, वाकून, प्रत्येक जाळीखाली डोकावत दाजी येत होते. हाक नाही, शीळ नाही. हातात एक पिशवी. गरुडाच्या झाडाशी थांबले, वर पाहिलं, चारी बाजूंना पाहिलं. अगदी चोरासारखं! मामाच्या कानात रक्त उसळलं. तो जाळीतून उडी मारून बाहेर आला आणि त्यानं मागून दाजींचा खांदाच धरला.

"सापडलास! सापडलास शेवटी! कुणाला विकतोस रे पिल्लं? बोल! माझ्या बहिणीला फसवलंस ते फसवलंस, ह्या मुक्या जिवालाही?"

आयुष्यात पहिल्यांदा तो दाजींशी एकेरीवर आला होता.

दाजींच्या तोंडातून किंकाळी फुटली आणि ते खांदा धरून मटकन खाली बसले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पिशवी उलटली आणि तिच्यातून पाण्याची बाटली, मलमपट्टीची पेटी आणि मामाचा लाल शर्ट बाहेर आला.

"तुझा शर्ट उतरताना दिसला नाही," दाजी धापा टाकत म्हणाले. "तू उतरलेला दिसल्याशिवाय मी जागा सोडत नाही कधी. मग ही ओरडायला लागली. म्हटलं, पडला असशील, साप चावला असेल. सगळा उतार पालथा घातला. मग शर्ट नुसताच सापडला, दगडामागं. हाक मारता येईना, घरट्याजवळ." त्यांनी वर मान करून मामाकडे पाहिलं. "मी विकतो? पिल्लं?"



मॅडम लपणातून धावत बाहेर आल्या होत्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं, मातकट बनियन पाहिला, मोडलेली जाळी पाहिली.

"मामा," त्या म्हणाल्या, "तुम्ही इथंच होतात? सकाळपासून?"

मामानं मान हलवली.

"म्हणजे गेलाच नाहीत तुम्ही." त्यांनी वर घिरट्या घालणाऱ्या मादीकडे पाहिलं आणि मग घरट्याकडे. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "चला. तिघंही. आत्ताच्या आत्ता, उघड्यावरून."

मामानं दाजींना उठवायला हात पुढे केला.

"राहू द्या," दाजी म्हणाले. "तुम्ही व्हा पुढं."

तुम्ही! मामाला कुणी मुस्काटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. तो पुढं झाला. तिघं उतारावरून चालू लागले, एकामागं एक, कुणी मागं वळून बघत नव्हतं. अर्ध्या वाटेवर दाजी आपणहून बोलले, मॅडमना सांगितल्यासारखं.

"खांदा गेलाय माझा. चार महिने झाले. रविवारी डॉक्टरकडे जातो, घरी ही तेल चोळून देते. इथं खाली एका फांदीला लोंबकळून व्यायाम करतो, कुणी नसताना. सरांना कळलं तर झाडावर चढू देणार नाहीत, म्हणून कुणाला बोललो नाही." थोडं थांबून म्हणाले, "ह्यांना सांगणार होतो. पण हे काळजी करत बसले असते."

मामाच्या नाकात तो उग्र वास पुन्हा भरला. तेलाचा होता. साधा, दुखऱ्या सांध्यांना लावायच्या तेलाचा वास. हजार वेळा त्यानं तो स्वतःच्या गुडघ्यांना लावला होता. जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. पण त्याहून मोठी भीती आता पाठीमागं त्या झाडावर होती, आणि तिच्याकडे मान वळवायचीही सोय नव्हती.

रस्त्यावर पोचल्यावर मॅडमनी जीपमधून तीन पायांच्या स्टँडवरची मोठी दुर्बीण काढून उभी केली. डोळा लावला.

"उतरली," त्या म्हणाल्या. "उतरली घरट्यावर." मग म्हणाल्या, "पंख पसरलेत. सावली धरलीय तिनं."

"आणि पिल्लू?" मामानं विचारलं.

मॅडम बघत राहिल्या. मादीनं चोचीत काहीतरी धरलं असावं, कारण त्या पुटपुटल्या, "भरवतेय. पुढं करतेय... घे ना. घे ना रे." मग त्यांनी डोळा काढला, तोंड फिरवलं आणि जीपच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची पाठ हलत होती.

दाजी पुढं झाले. दुखरा हात छातीशी धरून त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. मामा त्यांच्या बाजूला उभा होता. त्याच्या हातात तो लाल शर्ट होता आणि तो पिळून पिळून त्याचा दोर झाला होता.

"दाजी," तो म्हणाला. "हललं का हो? पिल्लू?"

 दुर्बिणीतून डोळा काढून दाजींनी मामाकडे पाहिलं. मामाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"हललं रे," दाजी म्हणाले. "मान उचलली आत्ता. घास घेतला त्यानं."

त्यांचा आवाज फुटला होता. ह्या माणसाला आयुष्यात कधी धड खोटं बोलता आलं नव्हतं. त्या दिवशी 'घरीच होतो' म्हणाले तेव्हाही नाही, आणि आत्ताही नाही. दुर्बीण समोर होती. दाजी बाजूला सरकले होते, हात पुढं केला की झालं.

दूधवाल्याच्या मापावर वाकणारा, न्हाव्यापुढे डोळे न मिटणारा येतोमामा दुर्बिणीकडे गेला नाही.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि दाजींच्या दुखऱ्या खांद्याला धक्का लागणार नाही अशा बेतानं त्यांच्या शेजारी रस्त्याच्या कडेला बसला.